मुलग्यांशीही बोला : धर्मापुरी परिसरातील पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, बीड
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, परळी वैजनाथ
मा. सरपंच, ग्रामपंचायत, धर्मापुरी
परिसरातील सर्व शाळा व्यवस्थापन समित्या

विषय : सहावी ते दहावीच्या वर्गांत स्त्री-पुरुष समानतेचा नियमित तास सुरू करण्याबाबत.

महोदय,

आम्ही धर्मापुरी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरचे पालक, माजी विद्यार्थी आणि काही निवृत्त शिक्षक आहोत. आमच्यातले निम्म्याहून अधिक दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, हे आधीच सांगतो. पुढच्या काही मागण्या त्यामुळेच आहेत.

आपल्या जिल्ह्याचे आकडे आपल्याला पाठ असतील. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली, राज्यात सर्वांत कमी. 2012 मध्ये परळीतले बेकायदा गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले आणि 2019 मध्ये बीडच्या न्यायालयात त्यात शिक्षा झाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास आहे. 807 च्या हिशेबातले मुलगे लवकरच लग्नाला येतील, आणि ‘पोरी मिळंनात’ ही तक्रार पारावर आताच रोज ऐकू येते. ती करणाऱ्यांना कारण माहीत नाही असे नाही.

यावर आजवर जे झाले ते मुलींना धरून झाले. मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, मानव विकास कार्यक्रमाच्या बस आल्या, 1098 या बालमदत क्रमांकाचे फलक लागले. हे सगळे हवेच होते. पण बसमधून उतरलेल्या मुलीला फाट्यावर उभी असलेली जी पोरे शेरे मारतात, तीही याच शाळांत शिकतात, आणि त्यांच्याशी या विषयावर कुणी धड बोललेले नाही. छेडछाड वाढली की बैठक मुलींची होते. घरी जाताना घोळक्याने जा, मोबाईल वापरू नका, एवढे सांगून ती संपते. मग एखादा बाप म्हणतो, पोरीचे नाव व्हायच्या आत उजवून टाकू. चूक पोराची, आणि शाळा सुटते पोरीची.

शाळेतही हा भेदभाव शिकवला जातोच, फक्त त्याचा तास नसतो. झाडू मुलींकडे, बाक उचलायला मुलगे. पाहुणे आले की ओवाळायला आणि रांगोळीला मुली, माईकवर मुलगा. मुलगा रडला तर ‘बांगड्या भर’. यात कुणा शिक्षकाचा वाईट हेतू आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या घरीही हेच चालते. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली आणि भाजी निवडताना बाईबरोबर पुरुषही दाखवला, तेव्हा त्याची थट्टा करणारे आमच्यातही होते. पण दोनच वर्षे आधी बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीची कुरूपता हे हुंड्याचे कारण म्हणून छापलेले सापडले होते. पुस्तक कुठल्याही बाजूने शिकवू शकते, हे एवढ्यावरून कळावे.

अशा तासांनी फरक पडतो का, हे आम्हीही आधी विचारले. 2008 मध्ये मुंबई महापालिकेच्या शाळांत ‘कोरो’, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी सहावी-सातवीच्या वर्गांत असा कार्यक्रम केला. काही शाळांत नुसती मोहीम राबवली, काहींत मोहिमेबरोबर वर्गात गटचर्चाही घेतल्या. जिथे चर्चा झाल्या तिथे मुलांच्या मतांत जास्त फरक दिसला. हरियाणा हे मुलींच्या संख्येत आमच्याइतकेच बदनाम राज्य. तिथल्या 314 सरकारी शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेच्या अशाच कार्यक्रमाची चाचणी झाली; त्यांतल्या सुमारे निम्म्या शाळांत अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांतून एकदा, पाऊण तासाचे सत्र झाले. मुलामुलींची मते बदलली आणि मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले. त्याचा निष्कर्ष 2022 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. अडीच वर्षे हा शब्द इथे महत्त्वाचा. आमच्याकडे 3 जानेवारीला आणि 8 मार्चला भाषण होते, फोटो काढला जातो आणि अहवाल जातो.

म्हणून आमची मुख्य मागणी एकच : वेळापत्रकात तास द्या. नवा आदेश लागणार नाही. 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेत दोन प्रशिक्षित शिक्षक आणि आठवड्याला एक तास ठरलेला आहे. त्याच्या अकरा विषयांत स्त्री-पुरुष समानता आहे. तो तास गणिताला किंवा कवायतीला देऊ नये. किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने 2007 मध्ये आरडाओरड झाली म्हणून गुंडाळला होता. या वेळी पालक म्हणून आम्ही स्वतःहून मागत आहोत, तेव्हा आमच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही.

तासात काय असावे, याचाही आग्रह आहे. दिल्लीहून आलेली तक्ते-चित्रे चालतील, पण इथली उदाहरणे हवीत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या कष्टावर, मुकादम मोजून देतो ती नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, कोपीवर परत आल्यावर पाणी आणि चूल तिचीच. आठवीच्या पोरांना फळ्यावर दोघांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडायला लावा आणि मग उचलीची वाटणी कशी व्हायला हवी ते विचारा. जोडी झाली की उचल वाढते म्हणून कोवळ्या वयात लग्न लावतात, हेही तिथेच निघेल. शिक्षकाला त्यापुढे फार बोलावे लागणार नाही.

तास जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत निम्मे उरकावेत. नंतर निम्मा वर्ग फडावर असतो. जी मुले हंगामी वसतिगृहांत राहतात, त्यांच्यासाठी तेच तास संध्याकाळी तिथे घ्यावेत.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केवळ परगावच्या माणसांवर विसंबून राहू नये. अंबाजोगाईत शैला लोहियांच्या ‘मनस्विनी’ने बायकांसाठी केलेले काम जिल्ह्याला माहीत आहे; त्यांची मदत घ्यावी. मुलग्यांशी बोलण्याची रीत 1993 पासून काम करणाऱ्या ‘मावा’ या पुरुषांच्या संघटनेकडून शिकता येईल. दोन शिक्षकांपैकी एक पुरुष असावाच; बाईंनी सांगितलेले पोरे ‘बाईंचा विषय’ म्हणून सोडून देतात.

2022 च्या शासन निर्णयाने शाळेत नेमायची सखी सावित्री समिती कागदावर न ठेवता तिच्या बैठकीचे इतिवृत्त सूचनाफलकावर लावावे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारात नको. तिथे चिठ्ठी टाकणारी मुलगी सगळ्यांना दिसते.

ग्रामपंचायतीकडे वेगळे मागणे आहे. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला 500 रुपये दंडाचा ठराव केला. दंड वसूल होतो की नाही हा पुढचा प्रश्न, पण मोठ्यांनी तोंड आवरल्याशिवाय पोरांना सांगणे फुकट आहे. असा ठराव धर्मापुरीनेही करावा. त्याच ग्रामसभेत गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, हे जाहीर सांगावे. ते काम ग्रामसेवकाचे (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे) असते, हे अनेकांना ठाऊकच नाही.

आम्ही आमच्या बाजूने तीन गोष्टी कबूल करतो. दर महिन्याला एका तासाला पालक येऊन बसतील, त्यांत बापही असतील. वसतिगृहातल्या तासांसाठी लागणारी माणसे आम्ही देऊ. आणि तासात आमच्या घरांविषयी काही बोलले गेले, तर शाळेवर भांडायला येणार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीस मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यावी व तिचे निष्कर्ष पालकसभेत वाचून दाखवावेत. या पत्राचे उत्तर लेखी आणि दिवाळीच्या आत मिळावे. त्यानंतर मुकादमाच्या गाड्या लागतात आणि सही करणारे बहुतेक जण गावात नसतील.

आपले,
धर्मापुरी परिसरातील पालक, माजी विद्यार्थी व निवृत्त शिक्षक
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)