तोंडी शब्दाला कागदाची जोड हवी

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर किंवा मुंबईच्या बेकऱ्यांत मालक-कामगारांचे नाते बहुधा तोंडी शब्दावर चालते. ओळखीने माणूस लागतो, ईदला कपडे मिळतात, अडचणीला उचल मिळते. दहा वर्षांनी त्याच माणसाच्या वकिलाची नोटीस येते, तेव्हा मालक म्हणतो, "घरच्यासारखे वागवले, चांगले पांग फेडले!" आमच्या मते येथे दोष कृतघ्नतेचा कमी, कागद नसण्याचा अधिक असतो.

कामगार केव्हा लागला, रोज किती ठरला, उचलीपैकी किती फिटली, हे लिहिलेले नसेल तर वादात मालकाची बाजू लंगडी पडते. कारण नोंदी ठेवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे. "नेमणूकपत्र दिले की कामगार गळ्यात पडतो" हा समज खोटा आहे. साक्षीदारांवरून, फोनवरून पाठवलेल्या पैशांवरूनही नोकरी सिद्ध होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे नेमणूकपत्र द्यावेच लागते. कामगार स्वतः गेला वा काढला, तरी त्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करायचे असते.

दुसरा वाद ग्रॅच्युइटीचा. साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झाली की दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, महिना 26 दिवसांचा धरून, देणे लागते. तुकड्यावरच्या कारागिराचा रोज शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीने काढतात. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये असतील तर वर्षाचे 7,500, दहा वर्षांचे 75,000. एकदम काढायला ही रक्कम जड. पण महिना 625 रुपये बाजूला टाकले, पगारासोबत ते वाढवत नेले, तर ओझे वाटणार नाही.

यात आपल्याला नवे काय आहे? सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याचा आदेश आहे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. जुम्याच्या खुतब्यात हे आपण ऐकतो आणि शनिवारी हजेरीपुस्तक कोरे ठेवतो.

तेव्हा मालक बंधूंनो, या महिन्यापासून प्रत्येक कामगाराला नेमणुकीचा कागद द्या, पगाराची व उचलीची सही घ्या, एक प्रत त्याच्या हाती ठेवा. कामगाराचा हक्क सुरक्षित राहिला, तर मालकाची इभ्रतही, इन्शाअल्लाह, सुरक्षित राहील.