परदेशातली अंगतपंगत

दोस्तांनो, या आठवड्यात मी तुम्हांला वेगळंच काही सांगणार होते. पण एक पत्र आलं आणि ठरवलेलं सगळं बाजूला ठेवावं लागलं. पत्र आहे आठवीतल्या एका मैत्रिणीचं. ‘नाव छापू नका’ असं तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून छापत नाही. तिच्या बाबांची लंडनला बदली झालीय. घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिकडे शाकाहारी लोकांची मंडळं असतात, ते एकत्र जेवतात, सहली काढतात, असं तिच्या आईनं ऐकलंय. म्हणून आई म्हणतेय, गेल्यावर आपणही चार घरं मिळून असं एक मंडळ काढू. पण हिचा प्रश्न वेगळाच आहे. ती विचारते, “मावशी, कुणाकडे जेवायला गेले आणि समोर काय वाढलंय तेच कळलं नाही, तर ‘पोट दुखतंय’ म्हणून सांगितलं तर चालेल का?”

आता मी पडले मालवणकडची. सोमवार, गुरुवार आणि शनिवार सोडले तर आमच्या घरात मासे. त्यामुळे शाकाहारावर भाषण द्यायला मी काही योग्य बाई नाही, आणि देणारही नाही. पण पंगतीत बसून उपाशी राहणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि हाच प्रश्न लंडनमध्ये ज्याला फार छळत होता, अशा एका मुलाची गोष्टही मला माहीत आहे. तो लाजाळू होता, इतका की जेवताना पावाचे दोन-तीन तुकडे झाले की चौथा मागायला त्याची जीभ रेटायची नाही.

त्याचं नाव मोहनदास गांधी. १८८८ च्या सप्टेंबरअखेर तो लंडनला पोचला, तेव्हा त्याला एकोणीस वर्षं पूर्ण होत आली होती. मांस आणि दारूला शिवणार नाही, असं वचन तो आईला देऊन आला होता. घरमालकीण बिचारी करून करून काय करणार? सकाळी ओटची लापशी, एरवी पालक, पाव आणि जॅम. पोट काही भरायचं नाही. मग हा गडी शाकाहारी खाणावळ शोधत रोज दहा-बारा मैल पायी हिंडायचा. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली. दारातच काचेमागे विकायला पुस्तकं मांडलेली. त्यातलं हेन्‍री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक त्यानं एक शिलिंग देऊन घेतलं आणि आत जाऊन तो जेवला. विलायतेत आल्यापासूनचं ते त्याचं पहिलं पोटभर जेवण होतं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण खरी गंमत (त्याला ती तेव्हा गंमत वाटली नसणार!) पुढेच आहे. एका मित्रानं त्याला नाटकाला बोलावलं. नाटकाआधी जेवण हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये. राजवाड्यासारखं हॉटेल, आजूबाजूला बडी मंडळी. मित्राचा हिशोब असा, की इतक्या लोकांत हा लाजेल आणि मुकाट्यानं खाईल. पहिलंच सूप आलं. कशाचं असेल? मित्राला विचारायची सोय नव्हती. म्हणून ह्यानं वेटरला खूण केली. मित्रानं ते पाहिलं आणि टेबलापलीकडून दरडावून विचारलं, काय पाहिजे? ह्यानं भीत भीत सांगितलं की, सूप शाकाहारी आहे का एवढं विचारायचंय. मित्र भडकला. चारचौघांत वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे कुठंतरी खा आणि माझी वाट बघ, म्हणाला. मोहनदास उठला आणि बाहेर गेला. जवळ एक शाकाहारी खाणावळ होती, तीही नेमकी बंद. त्या रात्री तो तसाच उपाशी नाटकाला बसला.

लक्षात घे हं मैत्रिणी, पावाचा चौथा तुकडा मागायला लाजणारा हा मुलगा. त्यानं पोटदुखीचं निमित्त सांगितलं नाही.

पुढे लंडनच्या शाकाहारी मंडळींशी त्याची ओळख वाढली आणि बेजवॉटर भागात राहत असताना त्यानं स्वतःच एक शाकाहारी क्लब काढला. अध्यक्ष डॉ. जोसाया ओल्डफील्ड, ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकाचे संपादक. उपाध्यक्ष सर एडविन आर्नल्ड. हे आर्नल्डसाहेब म्हणजे गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे, आणि त्याच्याही खूप आधी पुण्यात, आजच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य राहून गेलेले. सेक्रेटरी अर्थातच मोहनदास. ओल्डफील्ड आणि तो काही काळ एकाच बिऱ्हाडात राहायचे. तिथं मित्रांना जेवायला बोलवायचे. बेत काय, तर डाळीचं सूप, भात आणि मोठे मोठे बेदाणे. बस्स! आपल्याकडे साध्या बारशालासुद्धा याच्या चौपट पदार्थ होतात. क्लब काही महिनेच चालला. मोहनदासनं बिऱ्हाड बदललं आणि तो बंद पडला. पण संस्था कशी चालवायची याचे पहिले थोडे धडे आपल्याला तिथंच मिळाले, असं गांधीजींनीच म्हटलंय.

तेव्हा तुझ्या आईच्या मंडळालाही लागणार आहे एक सेक्रेटरी. तुझं अक्षर छान आहे. एक वही घे.

वहीत पहिलं पान कशाचं? ‘कोण काय खात नाही’ याचं. ‘शाकाहारी’ हा शब्द ऐकायला एक आहे, पण ताटात तो दहा प्रकारचा होतो. कुणी अंडं खातं, कुणी नाही. जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. व्हीगन मंडळी दूध, तूप, दही, मधही घेत नाहीत, म्हणजे तुझ्या आईची साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी त्यांना बाद! मोहनदासचाही हाच घोळ झाला होता. तिथल्या शाकाहारी खाणावळीतसुद्धा पुष्कळ पदार्थांत अंडं असायचं. आईच्या लेखी अंडं म्हणजे मांसच, म्हणून त्यानं ते सोडलं. मग पुडिंग आलं, केक आला, की विचार बाबा, यात अंडं आहे का! दर वेळी अवघडल्यासारखं व्हायचं, तरी विचारायचा.

आई-बाबांनो, पुढचा भाग तुम्हीही वाचा. आपल्याकडे पुड्यावर हिरवा ठिपका पाहायची सवय असते. ब्रिटनमध्ये असा सरकारी ठिपका नाही. काही पुड्यांवर ‘व्हेजिटेरियन’ असं छापलेलं असतं, पण नसलं तर मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. अंडं, दूध, मासे, शेंगदाणे असे ॲलर्जी आणणारे चौदा जिन्नस तिथल्या कायद्याप्रमाणे यादीत ठळक दाखवावे लागतात, त्यामुळे ते चटकन सापडतात. फसवतात ते बाकीचे. रंगीत जेलीच्या गोळ्यांत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. इटलीच्या खऱ्या पार्मेजान चीजसाठी दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात (मला चालतील, तुला नाही). थायी आमटीच्या तयार मसाल्यात कोळंबी निघते. लाल रंगासाठी ‘ई १२०’ लिहिलेलं दिसलं तर तो कोशिनील नावाच्या किड्यांपासून केलेला रंग. आणि बटाट्याचे चिप्स? इंग्लंडमध्ये काही दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात. म्हणून बटाटा दिसला की हुरळून जायचं नाही, आधी विचारायचं.

आता सहल. लंडनला उन्हाळा म्हणजे चंगळ असते. जूनमध्ये रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड. त्या बेजवॉटरला लागूनच केन्सिंग्टन गार्डन्स आहे, हिरवळीवर चटया टाकून लोक डबे उघडून बसलेले असतात. शेगडी पेटवायला तिथं बंदी आहे, तेव्हा सगळं घरूनच करून न्यायचं. आणि इथे आपली अंगतपंगत कामाला येते. ज्यानं त्यानं एकच पदार्थ आणायचा, पण सहा-आठ जणांना पुरेल असा. सेक्रेटरीनं वहीत लिहून घ्यायचं कोण काय आणतंय ते, नाहीतर आठ डबे उघडतात आणि आठांतही बटाट्याची भाजी! तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे यांना तोड नाही. आपल्या आज्या प्रवासाला उगाच नाही ते बांधून द्यायच्या. भात आणि दह्याचे पदार्थ मात्र उन्हात ठेवायचे नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात. असे पदार्थ थंड पिशवीतून न्यावेत आणि बाहेर काढले की दोन तासांत संपवावेत.

आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. पदार्थाचं नाव आणि त्यात काय काय आहे. हे मी कुठल्या पुस्तकातून नाही शिकले. काही वर्षांपूर्वी बहिणीकडे लंडनला गेले होते, तेव्हा तिच्या ओळखीच्या शाकाहारी मंडळींची अशीच सहल होती. मोठ्या हौसेनं मी काकडीची कोशिंबीर करून नेली. चिठ्ठ्या लिहायला सांगितलं होतं, पण मी म्हटलं, काकडी दिसतेय की सगळ्यांना! सहा-सात वर्षांच्या एका गोऱ्या मुलानं चमचाभर वाढून घेतली. चमचा तोंडाजवळ गेला आणि त्याची आई लांबून धावत आली. तिनं मला एवढंच विचारलं, “यात शेंगदाणे आहेत?”

होते ना! दाण्याचं कूट. कोशिंबिरीत कूट घालताना आपण विचार करतो का? हात आपोआप डब्याकडे जातो. त्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. चमचाभर कुटानं त्याचा घसा सुजला असता, श्वास कोंडला असता. त्याची आई औषधाचं इंजेक्शन कायम पर्समध्ये घेऊन फिरायची. तिनं ताट काढून घेतलं, त्याचे हात धुतले आणि दुसरं ताट दिलं. मला ती एक शब्दही वाकडा बोलली नाही. मला आधी रागच आला होता, खोटं कशाला सांगू! माझ्या कोशिंबिरीला नावं ठेवतेय की काय, असं वाटलं. मग पाय असे काही लटपटायला लागले की मी चटईवर बसूनच घेतलं. बहिणीनं चिठ्ठी लिहून डब्याला लावली आणि चमचाही वेगळा ठेवला, कारण कुटाचा चमचा दुसऱ्या डब्यात गेला की तो डबाही गेला. तेव्हा मैत्रिणी, वहीच्या पहिल्या पानावर ‘कोण काय खात नाही’ याच्या शेजारी ‘कुणाला काय सोसत नाही’ असा दुसरा रकाना आख. तो लाल शाईनं.

हॉटेलातल्या जेवणाचं थोडक्यात सांगते. येणाऱ्यांकडून पैसे आधी घ्यावेत. ‘नक्की येतो’ म्हणणारे वीस असतात, पाऊस पडला की बाराच उगवतात, आणि हॉटेलवाला तर वीसांचंच रांधून बसलेला असतो. बेत चार दिवस आधी ठरवून कागदावर द्यावा. हॉटेल शाकाहारीच पाहिजे असं मात्र नाही. आणि याचा दाखला पुन्हा आपल्या सेक्रेटरीकडेच आहे.

जून १८९१ मध्ये मोहनदास बॅरिस्टर होऊन घरी परतायला निघाला. जाण्यापूर्वी त्यानं शाकाहारी मित्रांना निरोपाचं जेवण दिलं. शाकाहारी खाणावळीत शाकाहारी जेवण मिळतंच, त्यात काय मोठं? साध्या हॉटेलात का मिळू नये? असं म्हणून तो एका हॉटेलच्या व्यवस्थापकाला जाऊन भेटला आणि पूर्ण शाकाहारी बेत ठरवून आला. हॉटेल कुठलं असेल, सांगा पाहू? हॉलबर्न रेस्टॉरंट! होय, जिथून सूप विचारल्याबद्दल त्याला बाहेर जावं लागलं होतं, तेच. आता ते हॉटेल राहिलेलं नाही.

जेवण झकास झालं. मग भाषणं. मोहनदासनं भाषणाची जय्यत तयारी केली होती. ॲडिसन नावाच्या इंग्रज लेखकाची पार्लमेंटात बोलताना कशी फजिती झाली, तो किस्सा सुरुवातीला सांगून हशा मिळवायचा, असं ठरवलं होतं. उभा राहिला, एक वाक्य झालं, आणि पुढचं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं. आमंत्रणाला मान देऊन आल्याबद्दल आभार, एवढंच कसंबसं म्हणून तो खाली बसला.

आता तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूचे प्रश्न. अंड्याशिवाय केक होतो का? होतो, दही आणि खायचा सोडा घालून छान फुगतो, फक्त पीठ कालवलं की लगेच भट्टीत घाल. मांसाहारी मैत्रिणींना मंडळाच्या जेवणाला बोलवायचं का? अगं, जरूर बोलव, मीसुद्धा तशीच तर गेले होते. ‘पोट दुखतंय’ चालेल का? एकदा चालेल. पण मग घरची मंडळी औषध आणतात, आल्याचा चहा करतात, तुझ्या आईला फोन लावतात, आणि त्यापेक्षा ‘यात काय आहे?’ हे तीन शब्द सोपे पडतात. आणि पहिल्या अंगतपंगतीला काय नेऊ? तिखटमिठाच्या पुऱ्या ने. चिठ्ठीवर लिही: कणीक, तिखट, मीठ, ओवा, तेल. पोचलीस की कळव कशी झाली ते, मी वाट बघतेय.