एका फुटाला एक इंच

‘या वयात भातुकली?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदाच लिहून मोकळं व्हावं म्हणते. शाळेतल्या सहकारी हसत विचारतात, शेजारच्या काळजीने विचारतात. गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकांनी दस्तरखानावर सगळ्यांदेखत सुनावलं, “टीचर होके गुडियों का घर बना रही, क्या बचपना है!” विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात, हेही आधीच सांगून ठेवते.

तर मी छोटी घरं बनवते. बाहुल्या नाहीत, घरं. त्यातला निवारीचा पलंग, चूल, रांजण, कंदील, सूप, रेहल, पानदान, सरौता, जे जे त्या घरात असेल ते. प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. जगात हे काम करणारे पुष्कळ लोक हेच प्रमाण धरतात. आपल्याकडे तर ते फारच सोयीचं, कारण आपला मिस्त्री अजूनही फुटातच बोलतो. साडेसहा फुटांचा दरवाजा साडेसहा इंचांचा, अडीच फुटांचा रांजण अडीच इंचांचा. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. आमच्या हिशेबात ते २६९ चौरस इंच होतं, जवळजवळ वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं. (‘घरकुल’ हा शब्द मुळात लहानशा, खेळातल्या घराचाही आहे. सरकारला तो खऱ्या घरासाठी का सुचला असेल, हे वर्तमानपत्राच्या पानावर भिंती उभ्या केल्या की लक्षात येतं.)

माझं निम्मं सामान मार्कंड्याच्या जत्रेतून येतं. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथं उत्तरेकडे वळते, तिथं मार्कंडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला त्याच्याभोवती मोठी जत्रा भरते. दर्शनाच्या रांगेत आम्ही नसतो, पण जत्रेत असतो. बांगड्यांच्या, खेळण्यांच्या दुकानांमागे आमचीही माणसं बसलेली असतात. बुरडाकडे मुलांच्या खेळण्यासाठी विणलेली हातभर सुपं-टोपल्या मिळतात. ती माझ्या प्रमाणात मोठी पडतात, पण त्यातली एखादी उसवून तिच्या कामट्या आणखी बारीक चिरल्या की मला हवी तशी टोपली विणता येते. लाकडाचं मात्र वेगळं आहे. आमचा जिल्हा सागवानाचा, आलापल्लीचा साग सगळीकडे नावाजलेला. पण सागाच्या रेषा ठळक. सहा इंचांच्या दारावर त्या रेषा अशा दिसतात की दार एखाद्या राक्षसी झाडाच्या फळीचं वाटतं. त्यापेक्षा हळदूचं बारीक पोताचं लाकूड बरं, सुताराकडे पडलेले तुकडेही पुरतात. कपड्याचं तर त्याहून अवघड. कापड लहान कापता येतं, पण त्याचं वजन लहान होत नाही. नव्या कापडाचा पडदा पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. वीस वर्षं धुतलेली मलमलची ओढणीच लागते. अम्मीची एक ओढणी मी अशी तीन घरांना पुरवली आहे.

हे सगळं शिकायला मला कुणी गुरू भेटला नाही. भेटलं ते नानीचं घर, तेही पाडून झाल्यावर.

नानीचं घर कुडाचं होतं. बांबूचे तट्टे, त्यावर शेणमाती, वर कवेलू, मागे सांदवाडी. सात-आठ वर्षांपूर्वी ते पाडून त्या जागी सिमेंटचं पक्कं घर झालं. त्याबद्दल मला तक्रार नाही. पावसाळ्यात त्या घरात कुठे कुठे भांडी ठेवावी लागत, हे मला ठाऊक आहे. जुन्या घरांसाठी हळहळणारे पुष्कळदा त्यात न राहिलेले असतात. पण घर गेल्यावर त्याचा एकही धड फोटो सापडेना. होते ते लग्नाचे फोटो, आणि त्यात माणसांमागे चादर टांगलेली. घराच्या आतलं कुणी टिपलंच नव्हतं. म्हणून मी ते आठवणीने बांधायला घेतलं.

अर्धं झालेलं घर पाटावर ठेवून खाला आणि मामूंना दाखवलं, तर दोघांची जुंपली. मामूंचं म्हणणं, घरात शिरल्यावर समोर बाबांची खाट, डावीकडे बैठक, उजवीकडे धान्याची कोठी. चूल कुठे होती विचारलं तर म्हणाले, “मागेच असेल कुठेतरी.” खालाला चुलीपासून रांजण किती पावलांवर, धूर कोणत्या फटीतून जाई, ताकात दिवा कुठे ठेवत, सगळं पाठ. शिवाय पुरुषांचं दस्तरखान उठल्यावर बायका कोणत्या कोपऱ्यात, कुणाकडे पाठ करून जेवत, तेही. बैठकीच्या खिडकीला किती गज होते, ते मात्र तिला सांगता येईना. त्या खिडकीपाशी ती कधी उभीच राहिली नव्हती. एकाच घरात लहानाची मोठी झालेली ही भावंडं, आणि घरं दोन! मी दोन्ही बांधली. खिडकीचे पाच गज मामूंनी सांगितले, धुराची फट खालाने.

तेव्हापासून मला वाटतं की घर लहान केल्याशिवाय ते नीट दिसत नाही. शाळेत सातवीला गुणोत्तर-प्रमाण घेताना मी मुलांना आपापलं घर मोजून आणायला सांगते, फूट आणि इंचात, मग पुठ्ठ्यावर आखायचं. आधी ‘घराची प्रतिकृती करा’ एवढंच सांगितलं की सगळ्यांचे थर्माकोलचे बंगले यायचे, लाल उतरतं छप्पर, बाहेर हिरवळ आणि मोटार. असल्या घरात आमच्या वर्गातलं एकही मूल राहत नाही. मोजून आणायला लावल्यावर बंगले बंद झाले. एका मुलाने वहीत खाली लिहिलं होतं की घरात सगळ्यात लहान खोली स्वयंपाकाची निघाली आणि अम्मी सगळ्यात जास्त वेळ तिथंच असते. उर्दूत लिहिलं होतं, दोन ओळी. त्याला मी दहापैकी दहा दिले आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही वाचायला दिले.

हल्ली ऑनलाइन या घरांचे तयार संच मिळतात. हजार-दोन हजारात पेटी येते, आत कापलेल्या पातळ लाकडी पट्ट्या, कागदी वॉलपेपर, इवलासा दिवा. ते जोडताना हात बसतो, नव्याने सुरू करणाऱ्याने एखादा जोडायला हरकत नाही. पण जोडून होतं काय? पोटमाळ्यावरची बेडरूम, पियानो, कॉफीचं दुकान. भांडी घासायला जागा नाही, वजूला नाही, कपडे वाळत घालायला दोरी नाही. दुसऱ्याच्या स्वप्नातलं घर आपण गोंदाने चिकटवायचं, हे काही मला पटत नाही. त्यापेक्षा पुण्याच्या विलास करंदीकरांनी केलं ते मला मोठं वाटतं. त्यांनी जुन्या मराठी घरांतली भातुकली जमवली आणि तिची प्रदर्शनं भरवली. जाती, उखळं, बंब, घंगाळी, शेवेचे सोरे, एकेक भांडं खऱ्यासारखं. स्वयंपाकघराची अख्खी जुनी रीत खेळण्यांत टिकून राहिली होती. ते पाहताना मला एकच वाटत राहतं: आपल्या घरांतलं काय कुणी असं जमवलंय? टोटीचा लोटा, उगालदान, बिर्याणीच्या देगा, शिरखुर्म्याचे कटोरे? मराठी मुसलमानाचं घर मराठी प्रदर्शनात नाही, आणि आपणही ते मांडलेलं नाही.

आता धर्माचं. ‘बुतसाझी’ हा शब्द माझ्या कानावर आलेला आहे. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. फतवा देत नाही, पण वाचलेलं सांगते. सजीवाची प्रतिमा करण्याला मनाई करणाऱ्या हदीस आहेत आणि मी त्या मानते. त्याच बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने अब्बास यांची रिवायत आहे. चित्रं काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला त्यांनी झाडं आणि रूह नसलेल्या वस्तू करण्याचा रस्ता दाखवला. पलंगाला, चुलीला, कवेलूला रूह नसते. माझ्या घरांत माणसं नाहीत त्याचं एक कारण हे. दुसरं कारण कलेचं: माणूस ठेवला की बघणारा त्याच्याकडेच बघत राहतो आणि घर मागे पडतं.

बाहुल्यांबद्दलही आपण समजतो तितकं ते सरळ नाही. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, आणि पैगंबर (स.) घरी आले की लाजून लपणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींना ते परत खेळायला पाठवत, हे बुखारीत आहे. अबू दाऊदमध्ये तर त्यांच्या खेळण्यांतल्या एका घोड्याची गोष्ट आहे, कापडाच्या तुकड्यांचे पंख लावलेला घोडा. घोड्याला कुठे पंख असतात, असं विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमानांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि पैगंबर (स.) मनापासून हसले. यावरून अनेक फकिहांनी मुलींची खेळणी जायज ठरवली, काहींनी ती परवानगी नंतर उरली नाही असं म्हटलं. मतभेद आहे, तो राहू द्या. मला मात्र नेहमी आठवते ती रुबय्यि बिन्ते मुअव्विज यांची रिवायत. आशुऱ्याच्या रोज्याला लहान मुलं भुकेने रडू लागली की मदिन्यातल्या बायका लोकरीची खेळणी करून त्यांच्या हाती देत, इफ्तारपर्यंत मुलं रमत. ती खेळणी करणाऱ्या बायका मोठ्या, घरसंसाराच्या होत्या, आणि त्यांना कुणी बचपना म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

लहान करणं म्हणजे हलकं करणं, असंही काही लोक मानतात. माझ्या ताकातली नखाएवढी रेहल बघून एका बाईंनी कानाला हात लावले होते. रेहल रिकामी होती आणि रिकामीच राहील, तेवढं अदब मलाही कळतं. पण उस्मानी तुर्कांच्या फौजा निशाणाला बांधायला तळहाताहून लहान, अष्टकोनी कुरआन लिहवून घेत. १९०० च्या सुमारास ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइसने इंचभराचं कुरआन छापलं. धातूच्या डबीत, झाकणाला भिंग. पहिल्या महायुद्धात मुसलमान सैनिकांजवळ अशा प्रती असत.

खरा आक्षेप धर्माचा नाहीच, असा माझा कयास आहे. आपल्यात पुरुषाने कबुतरं पाळली, पतंगाच्या मांज्यावर महिन्याचा खर्च केला, रात्र रात्र मुशायऱ्याला बसला तर त्याला ‘शौकीन’ म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाचा आहे. बाईच्या हाताला हुनर चालतो, पण तो कुणाच्या तरी कामी आला पाहिजे. भरतकाम करा, जहेजच्या पेटीत जाईल. क्रोशाचं विणा, टीव्हीवर टाकता येईल. लोणचं, शेवया, मेंदी, सगळं चालेल. जे कुणाच्याच उपयोगाचं नाही आणि फक्त तिला आवडतं म्हणून ती करते, ते मात्र बघवत नाही. मग ते बालिश ठरतं, इसराफ ठरतं. इसराफचा हिशेबच मागायचा तर माझा एका घराचा खर्च एका लग्नाच्या सूटच्या शिलाईत बसतो.

आणि मोठ्या माणसांनी हे काम कधी केलं नाही असं थोडंच आहे? ज्या लुटियन्सने नवी दिल्ली उभी केली, त्यानेच १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर केलं. एकास बारा, नळाला पाणी, चालणारी लिफ्ट, आणि ग्रंथालयात कॉनन डॉयलने खास लिहिलेलं इवलंसं पुस्तक. आजही ते विंडसरला बघायला मिळतं. मला त्याहून जवळची वाटते अमेरिकेतली फ्रान्सिस ग्लेसनर ली. तरुणपणी घरच्यांनी तिला विद्यापीठात जाऊ दिलं नाही. साठी ओलांडल्यावर, १९४० च्या दशकात, तिने एकास बारा प्रमाणात खोल्या बनवल्या, ज्यात संशयास्पद मृत्यू घडले आहेत अशा. उघडी खिडकी, उलटलेली खुर्ची, अर्धवट राहिलेला स्वयंपाक, सगळं मोजून. पोलिसांनी त्या बघून पुरावा ओळखायला शिकायचं. बाल्टिमोरमध्ये त्या अजून शिकवण्यासाठी वापरल्या जातात. अर्थात ही उदाहरणं दिली की लोक म्हणतात, बघा, शेवटी उपयोग झालाच की! तेव्हा मी गप्प बसते, कारण ली बाईंच्या खोल्यांतले हाताने विणलेले इवले मोजे कोणत्या तपासासाठी लागत होते, हे मलाही सांगता येणार नाही.

सध्या मी नानीच्या घराच्या कवेलूंवर अडले आहे. नदीकाठची चिकणमाती पातळ लाटायची, पट्ट्या कापायच्या, पेन्सिलीवर अर्धगोल वाळवायच्या. माती वाळताना आकसते, म्हणून पट्टी थोडी मोठीच कापावी लागते. सातशे झाल्या, तेवढ्याच अजून हव्यात. ताजियाचं कागदकाम करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी सुचवलं की खपटाच्या करून गेरू लाव, लवकर होतील. विचार करते आहे. दरम्यान, कुणाच्या घरी जुनं पानदान असेल तर त्याच्या आतल्या डब्या किती, कोणती मोठी, झाकणाला कडी आहे की नाही, हे फूटपट्टीने मोजून मला कळवा. फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं तर फारच बरं.