अर्ध्या तिकिटाची पोरं

परवा मी एका बाईला शंभर रुपयांनी लुटलं. दिवसाढवळ्या. तिच्याच दारात बसून, तिच्याच हातचा चहा पिऊन.

बाई आमच्याच वस्तीतली. साठीला टेकलेली. सगळी वस्ती तिला मावशी म्हणते. माझी पोरगी पाचवीत, सकाळच्या शाळेत. मी कचेरीत, बायको दवाखान्यात कामाला. साडेबाराला शाळा सुटली की मावशी पोरीला आणते, जेवू घालते, संध्याकाळी सातपर्यंत सांभाळते. महिन्याला दीड हजार. या जूनला मावशी म्हणाली, ‘‘भाऊ, यंदा दोनशे वाढवा. गॅस परवडंना झालाय.’’ मी म्हणालो, ‘‘मावशी, पोरगी आता मोठी झाली. तिचा असा त्रास तो काय तुम्हाला? अर्धा दिवस तर शाळेतच असते.’’ शेवटी शंभरावर तोडपाणी झालं. मी खूश.

त्याच संध्याकाळी सभा होती. विषय, कंत्राटी सफाई कामगारांचं किमान वेतन. मी अर्धा तास बोललो. शोषण म्हणालो, वरकड म्हणालो, टाळ्या घेतल्या. सभा लांबली. पोरीला घ्यायला गेलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. मावशी पेंगत होती, पोरगी तिच्या मांडीवर. अडीच तास जादा. त्याचा एक पैसा मी दिला नाही आणि तिनं मागितला नाही.

तर दोस्तांनो, हा लेख म्हणजे त्या शंभर रुपयांचा हिशेब. माझा आहे तसा तुमचाही.

एस.टी.त पोराला अर्धं तिकीट. वस्तीतल्या पाळणाघराचा रेटही तसाच. अंगावरचं पोर असेल तर पूर्ण, तीन हजार. शाळेत जायला लागलं की अर्धं. हे कुणी ठरवलं? मावशीनं नाही. मागच्या गल्लीतली बाई दीड घेते म्हणून ही दीड घेते. आणि ती का दीड घेते? तर ही घेते म्हणून.

शाळेतलं पोर म्हणजे अर्धं काम, असं ज्याला वाटतं त्यानं एक दुपार मावशीच्या खोलीत काढावी. खोली दहा बाय बारा. पोरं सात. चार सकाळच्या शाळेची, तीन दुपारच्या शाळेची. दुपारच्यांच्या आया पहाटे झाडू मारायला, धुणीभांडी करायला बाहेर पडतात, म्हणून ती साडेसहालाच येऊन पडतात. बारा ते एक या तासात खोलीत काय चालतं ते बघा. तिघांच्या वेण्या, बूट, डबे. त्यांना हमरस्ता ओलांडून शाळेच्या फाटकात सोडायचं. तिथंच सकाळच्या चौघांची वाट बघत उभं राहायचं. त्यांना घेऊन परत. ती भुकेनं पिसाळलेली. लहान पोर दोन तास झोपतं तरी. हे दहा वर्षांचं पोर झोपत नाही. भांडतं, पळतं, गणित विचारतं. मोबाईल मागतं. माझ्या पोरीएवढ्या पोरीवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. कोण उगाच दारात रेंगाळतो, कोण चॉकलेट देतो, हे मावशीला पाठ असतं. या राखणीला रेटमध्ये काही नाव आहे?

आता सुट्टीचा हिशेब. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे. शाळा तेवढीच भरली तर उरले १६५ दिवस. त्यातले ५२ रविवार सोडा. ११३ दिवस असे, की शाळा बंद आणि आईबाप कामावर. त्या दिवशी पोर सकाळपासून मावशीकडं. काम पूर्ण, पैसे अर्धेच. आणि मे महिन्यात पोर गावाला गेलं की आपण काय म्हणतो? ‘‘पोरगी नव्हतीच ना मावशी, मेचे पैसे कशाला?’’ म्हणजे पोर जास्त राहिलं तर पैसे तेवढेच आणि कमी राहिलं तर कापून घ्यायचे. सावकाराचा खातेवही लिहिणारा कारकूनसुद्धा लाजेल.

मालाचा भाव ठरवताना व्यापारी जागेचं भाडं धरतो, नासाडी धरतो, उधारी धरतो. मावशी काय धरते? सात पोरांचे साडेदहा हजार. त्यातून गॅस, डाळतांदूळ, दूध, लाइटबिल मिळून चार हजार गेले. उरले साडेसहा. पहाटे साडेसहा ते संध्याकाळी साडेसात, तेरा तास, महिन्याचे सव्वीस दिवस. ३३८ तास. तासाला एकोणीस रुपये. सात पोरांचा जीव सांभाळायची मजुरी तासाला एक वडापाव. तीही सगळ्यांनी वेळेवर दिली तर. नाक्यावरच्या बिगाऱ्याची बायको दोन-दोन महिने थकवते आणि मावशी तिचं पोर दारातून परत पाठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मावशीनं रेट वाढवावा. कुणी अडवलंय?

अडवलंय. कुणी, ते सांगतो.

मावशीची स्पर्धा मागच्या गल्लीतल्या बाईशी नाही. ती आहे प्रत्येक घरातल्या थोरल्या पोरीशी. चार घरची भांडी घासून आठ हजार कमावणारी आई मावशीला अडीच हजार देऊच शकत नाही. रेट तिथं गेला की ती हिशेब करते आणि थोरलीला शाळेतून काढून घरी बसवते. थोरली फुकट सांभाळते. शाळकरी पोरांच्या पाळणाघराचा भाव वर जात नाही, तो या फुकटच्या पोरीमुळं. बाजार म्हणतात तो हा. त्याच्या तळाला एक नऊ-दहा वर्षांची पोरगी बसलेली असते. काखेत भाऊ, हातात लाटणं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझी थोरली बहीण चौथीतून बसली. आई बिगारी कामाला जायची. मी आणि धाकटा, दोघं ताईच्या अंगावर. ताई मला शाळेत सोडायची, शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर धाकट्याला घेऊन उभी राहायची. आतून पाढे ऐकायची. मी पदवी घेतली, राखीव जागेवर कचेरीत लागलो. वर्षातून दोनदा न मागता महागाई भत्ता वाढतो. ताई आजही अंगठा नाही तर कशीबशी सही करते. मावशीला ‘अर्धा दिवस तर शाळेतच असते’ म्हणताना मी ताईच्या फुकट कष्टाचा भाव मावशीला लावत होतो. आणि मला ते कळलंही नाही.

आता जरा डोंगर उतरून कॉलनीत चला. चार बसस्टॉपचं अंतर. तिथंही बाया शाळकरी पोरं सांभाळतात. तिथल्या पैशाला फी म्हणतात. छापील पावती मिळते. बारा महिन्यांची फी, पोर मामाच्या गावाला गेलं तरी. सातनंतर उशीर झाला तर दंड. सुट्टीचं शिबिर वेगळं, त्याची फी वेगळी. श्लोक, पाढे, सात्त्विक आहार. म्हणजे शाळकरी पोराची फी कशी लावायची हे शहाण्या माणसांना चांगलं कळतं. कॉलनीत ज्याला फी म्हणतात त्याला वस्तीत ‘मावशीचे पैसे’ म्हणतात. तिथं संस्कार विकतात, इथं नुसतं सांभाळतात. वा रे वा! संस्कार म्हणजे नक्की काय, ज्याचे पैसे जातीप्रमाणं वाढतात?

मावशीनं मागे एकदा कॉलनीतली दोन पोरं घ्यायचं ठरवलं होतं. बोलणी झाली, रेट पटला. मग तिथल्या बाईनं गोड आवाजात विचारलं, ‘‘तुमचं आडनाव काय हो?’’ मावशीनं सांगितलं. बाई म्हणाली, कळवते. अजून कळवतेय. पोरं म्हटली की जेवण आलं, आणि जेवण म्हटलं की हात कुणाचा ते आलं. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात २०२१ च्या डिसेंबरात शाळेतल्या पोरांनी दलित बाईच्या हातचा पोषण आहार खायला नकार दिला. तिकडं उघड नकार, इकडं ‘कळवते’. ज्या गिऱ्हाईकाकडं पैसा आहे ते मावशीला जातीनं बंद. उरतं ते आमच्यासारखं, नाही तर आमच्याहून नागवं. मग भाव कुठून वाढणार?

आणि सरकार? सरकारच्या हिशेबात पोर सहा वर्षांचं झालं की स्वतःला सांभाळतं. अंगणवाडी १९७५ पासून आहे, ती सहा वर्षांपर्यंत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं जिथं पन्नासपेक्षा जास्त, आणि १९७६ पासून तीसपेक्षा जास्त बाया कामाला, तिथं पाळणाघर सांगितलं. तेही सहाच्या आतल्या पोरांसाठी. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत आईबापाच्या ऐपतीवर फी लावली होती. दारिद्र्यरेषेखाली महिना २० रुपये, बारा हजारांच्या आत मिळकत असेल तर १००, वर असेल तर २००. तत्त्व चांगलं. ज्याची जशी ऐपत तशी फी, बाकीचा भार सगळ्यांचा. पण योजना सहा महिने ते सहा वर्षं. सातव्या वर्षी शाळा. आणि शाळेची घंटा झाली की पोर रस्त्यावर. २०२४ च्या फेब्रुवारीत परिपत्रक निघालं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, पोरांची झोप व्हावी. झोप व्हायलाच पाहिजे. पण जिला सहाला झाडू हातात घ्यायचाय तिच्या पोराचे सहा ते नऊ कुणाच्या अंगावर? परिपत्रकात मावशी नाही.

असायची तरी कशी? अंगणवाडीतल्या बाईच्या कष्टालासुद्धा सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. २०१८ मध्ये केंद्रानं ते वाढवून वाढवून साडेचार हजार केलं, मदतनीस बाईचं सव्वादोन हजार. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया संपावर उतरल्या, जानेवारीतही मागे हटल्या नाहीत. त्यांना निदान संप करता येतो. मावशीनं कुणाविरुद्ध संप करायचा? माझ्या बायकोविरुद्ध? बिगाऱ्याच्या बायकोविरुद्ध? या व्यवस्थेची चाल इथंच आहे. दोन गरीब बायांना दीड हजारावर एकमेकींशी झुंजवायचं आणि ज्याचं काम या दोघींच्या जिवावर चालतं त्यानं नामानिराळं राहायचं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर हेच सांगितलं होतं. हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, आणि बाईच्या कष्टावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटत नाही. तोच न्याय बाळंतपणापासून पोर मोठं होईपर्यंत ओढा. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात टाकून दिलेल्या, मारल्या जाणाऱ्या पोरांसाठी घर काढलं. पोर सांभाळणं ही बाईची खाजगी भानगड, असं त्यांना वाटलं नाही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात कष्टकरी धरले, स्त्रियाही धरल्या. मग मावशी दोन्हीकडून आत येते. आणि आपण? आपल्या सभांना बाया का येत नाहीत यावर ठराव करतो. ठराव लिहिताना आपली पोरं कुणाकडं असतात, ते लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला पगार आहे, भत्ता आहे, त्यानं शाळकरी पोराचं पूर्ण तिकीट फाडावं. बारा महिन्यांचं. सुट्टीतल्या पूर्ण दिवसाचे वेगळे, उशिराचे वेगळे, जेवणाचे वेगळे. आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाची पगारी रजा, आणि आपला भत्ता वाढला की तिचे पैसे वाढले पाहिजेत. भांडी घासणाऱ्या बाईवर हा भार टाकायचा नाही. तिच्यासाठी मागणी महानगरपालिकेच्या दारात न्यायची. पट घसरून पालिकेच्या शाळांत वर्ग ओस पडलेत. त्यातला एक वर्ग सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडा ठेवा, वस्तीतल्या मावश्यांना तिथं किमान वेतनावर नेमा, फी ऐपतीप्रमाणं घ्या. तोवर आपलं समाजमंदिर दुपारी कुलपात कशासाठी? पत्त्यांच्या डावाला चालतं, पोरांच्या अभ्यासाला का नाही?

गेल्या आठवड्यात मी मावशीकडं गेलो. तीन हजार हातात ठेवले. म्हणालो, आतापासून एवढे, बारा महिने. मावशीनं पैसे मोजले, परत मोजले आणि घाबरून माझ्याकडं पाहिलं. ‘‘काय झालं भाऊ? पोरगीला काढून घेताय का?’’ मी समजावलं. तिनं नोटा कनवटीला लावल्या आणि हळूच म्हणाली, ‘‘बाकीच्या बायांना सांगू नका. त्यांना वाटंल मी भाव वाढवला. पोरं घरी ठेवतील.’’

घरी ठेवतील म्हणजे थोरलीकडं ठेवतील. माझ्या एकट्याच्या तीन हजारांनी ती पोरगी शाळेत जात नाही, हे मावशीला माझ्याआधी कळलं.

म्हणून येत्या सभेला पोरं घेऊन या. मावशीला त्या दिवशी सुट्टी. सभेत बाया बोलतील, आया आणि मावश्या दोघी. वर्गखोलीच्या मागणीचा अर्ज त्या लिहितील. पोरं सांभाळायची पाळी पुरुष कार्यकर्त्यांची. दहा बाय बारात सात पोरं, सहा तास, जेवणासकट. त्यानंतर रेटवर बोलू.

जय भीम.