सोवळे कान आणि परकी साथ

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक तक्रार वरचेवर कानीं येते. मुलें रॅप ऐकतात. त्यांत आतां कोणी जॅझ वादकांची साथ घेतो. म्हणजे एका परक्या वस्तूवर दुसरी परकी वस्तु रचावयाची, आणि तिला मराठी म्हणून मिरवावयाचें! तक्रार करणारांत आमचे व्यवसायबंधुहि पुष्कळ आहेत, म्हणून तिचा समाचार घेणें आम्हांस भाग आहे.

ह्या मंडळींनीं आपल्याच नगर जिल्ह्याच्या (आतां त्यास अहिल्यानगर म्हणावयाचें) उत्तरेस, गोदावरीकांठच्या पुणतांब्याकडे क्षणभर दृष्टि वळवावी. चांगदेवाच्या समाधीमुळें हें गांव भाविकांस ठाऊक होतें. २०१७ च्या शेतकरी संपामुळें तें सर्वांस ठाऊक झालें. याच गांवीं १९१८ सालीं रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. हेच सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं शिकलेल्या ह्या गृहस्थांनीं काय केलें? मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजविणारे गोमंतकीय वादक ध्वनिमुद्रणास बोलाविले. आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांस मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखी, ते ट्रंपेटवादक त्यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत तर वाझ आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरहि दिसतात. ज्यांस आज रॅपमधील जॅझ खुपतो, तेच गृहस्थ घरच्या लग्नांत ‘अलबेला’चें गाणें लागतांच भगवानदादांप्रमाणें हात हलवीत नाचूं लागतात. त्या वेळीं त्यांचें सोवळें कोठें जातें?

तेव्हांहि असे सोवळे कान होतेच. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ विद्वान्, संगीताचे जाणकार, आणि मराठी. त्यांच्या अमदानींत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोते सुधारले नाहींत. त्यांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला. अखेर १९५७ सालीं, केसकर मंत्रिपदावर असतांनाच, विविध भारती काढून तींच गाणीं सरकारास परत आणावीं लागलीं. परकेपणाच्या आक्षेपाचा निकाल तेव्हांच लागला आहे.

‘रॅप म्हणजे आमचा पोवाडाच’ असें म्हणणारांचाहि आम्हांस कंटाळा आला आहे. पोवाडा तो पोवाडा. रॅप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत १९७० नंतरच्या दशकांत मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांनीं घडविला, हें कबूल करण्यांत कमीपणा कसला? अमरावतीचे सौरभ अभ्यंकर तो वऱ्हाडी बोलींत म्हणतात. त्यासाठीं पोवाड्याचा दाखला त्यांस काढावा लागत नाहीं.

आमचें भांडण निराळें आहे. पुष्कळसा रॅप संगणकावरील तयार ठेक्यावर म्हटला जातो. तेथें वादकाला जागाच नाहीं. अमेरिकेंत गुरु नांवाच्या रॅपगायकानें १९९३ सालीं ‘जॅझमॅटॅझ’च्या पहिल्या खंडांत डोनाल्ड बर्ड यांसारखे मुरलेले जॅझवादक सोबत घेतले, केंड्रिक लामारनें २०१५ च्या ‘टु पिंप अ बटरफ्लाय’मध्यें कमासी वॉशिंग्टन व रॉबर्ट ग्लास्पर यांस घेतलें. जिवंत माणूस समोर वाजवूं लागला कीं शब्दास दम खावा लागतो, वळावें लागतें. यंत्राचा ठेका कोणासाठीं थांबत नाहीं. आणि ह्या वादकांचीं नांवें ऐकणारांस ठाऊक आहेत. आमच्याकडे तबकडीवर गायकाचें व संगीत दिग्दर्शकाचें नांव येई. ट्रंपेट कोणीं वाजविला हें कोण छापतो! वाझ १९६७ सालीं वारले. त्यांच्या गाण्यांवर नाचणाऱ्या दहांपैकीं एकास तरी त्यांचें नांव सांगतां येईल काय?

नगरांत, श्रीरामपुरांत लग्नाच्या बँडांत ट्रंपेट व क्लॅरिनेट वाजविणारे लोक आहेत. त्यांचा धंदा डीजेच्या भिंतींनीं बसविला, रॅपगायकानें नव्हे; आणि त्या भिंती लग्नांत आणल्या त्या आम्हां सोवळ्या वडील मंडळींनींच. यंदा महाविद्यालयाच्या संमेलनांत मुलें रॅप म्हणूं मागतील, तेव्हां त्यांस नकार देण्याऐवजीं एक अट घालावी: साथीला ह्यांतले दोन वादक घ्या, त्यांस मानधन द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेंत त्यांचीं नांवें तुमच्या नांवाएवढ्याच टाइपांत छापा. तेवढें झालें म्हणजे मुलांच्या शब्दांत बरें काय नि वाईट काय, याची चर्चा करावयास आम्ही तयार आहों.