माहिती हीही मालमत्ताच

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील वृत्तपत्रे काही दिवस गुणवंतांची छायाचित्रे छापतात. त्यानंतरचे काही आठवडे प्रवेशयाद्यांचे असतात. जुलै सरता सरता हा सारा गाजावाजा थांबतो. शासन, संस्थाचालक आणि पालक या तिघांच्याही लेखी शिक्षणाचा प्रश्न प्रवेशापाशी सुटलेला असतो. वस्तुतः ज्या घरातील कोणीही आजवर महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातील मुलामुलींच्या बाबतीत तो तेथे सुरू होतो.

२०२१-२२ साली देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाखांच्या घरात गेली. १८ ते २३ या वयोगटातील दर शंभरांमागे हे प्रमाण सुमारे २८ पडते. आकडा लहान नाही. तथापि तो पटावरील नावांचा आकडा आहे. पट किती भरला हे त्यावरून कळते. त्यातले कोण दिवाळीनंतर वर्गात उरले, हे कळत नाही. ही गळती परीक्षेतील अपयशाने होते, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु पुष्कळशी मुले परीक्षेपर्यंत पोहोचतच नाहीत.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, ऊसतोड कामगाराच्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी नव्या मुलांना वाट दाखविण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले. तिला कोणी नेमलेले नाही. पहिल्या वर्षाची मुले तिला ‘ताई’ म्हणतात, एवढाच काय तो तिचा अधिकार. कोणी काय विचारले हे ती एका वहीत टिपून ठेवते, आणि ही वही शिक्षणावरील अनेक अहवालांपेक्षा अधिक बोलकी आहे. नव्या मुलांचे पहिले प्रश्न अभ्यासाचे नसतात. कोणत्या खिडकीपाशी रांग लावायची? तास बुडाला तर घरी कळवतात का? ग्रंथालयात आत जाऊन पुस्तक हातात घेतलेले चालते का? ‘क्रेडिट’ म्हणजे गुण की पैसे? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीनंतर १८ वर्षांच्या मुलाला मुख्य विषय, दुय्यम विषय आणि खुला वैकल्पिक विषय यांची निवड पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. ज्याच्या घरी काका प्राध्यापक आणि आत्या बँकेत आहे, त्याची निवड रात्रीच्या जेवणाच्या वेळी होऊन जाते. ज्याचे वडील ऊसतोडीला जातात तो शेजारच्या बाकावरच्याने काय लिहिले ते पाहतो आणि तेच लिहितो.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके बाजारातील सर्वांना सारखी माहिती आहे असे गृहीत धरून सुरुवात करीत. प्रत्यक्षात माहिती हीही जमिनीसारखी वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता आहे आणि तिचे वाटप जमिनीइतकेच विषम आहे. कोणता दाखला कोठे मिळतो, कोणती तारीख चुकली तर वर्ष जाते, कोणत्या शिक्षकाला प्रश्न विचारलेला आवडतो, या गोष्टी सुशिक्षित घरातील मुलाला शिकाव्या लागत नाहीत. त्या त्याला घरात ऐकून माहीत असतात. म्हणूनच तो ‘हुशार’ ठरतो. दुसरा ‘बुजरा’ ठरतो, आणि काही महिन्यांनी आपण खरेच बुजरे आहोत असे त्याला वाटू लागते.

वहीतील सर्वाधिक पाने शिष्यवृत्तीची आहेत. अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरायचा. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते. यांपैकी एका कागदावर नावातील एखादे अक्षर वेगळे असले की अर्ज परत येतो, आणि तो परत आला आहे हे पाहण्यासाठीही संगणक केंद्रावर पैसे मोजावे लागतात. पुढची अडचण अधिक नाजूक आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१ पासून केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली आणि त्यातून महाविद्यालयाचे शुल्क विद्यार्थ्याने भरावे असे ठरले. तत्त्वतः यात गैर काही नाही. मधल्या हातांची गळती थांबते. परंतु हा पैसा हंगाम पाहून येत नाही. घरात बियाण्याची उधारी थकलेली असते, बहिणीचे आजारपण असते, आणि खात्यात अचानक काही हजार रुपये दिसतात. ते खर्च होतात. मग महाविद्यालय शुल्कासाठी गुणपत्रिका अडवून धरते आणि मुलगा तोंड चुकवू लागतो. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी कर्जाने पिचलेल्या घरात एक महिना काढून पाहावा. ही मुलगी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात बजावते की तो पैसा आला त्याच दिवशी भरून पावती घ्यायची, आणि घरी अगोदरच सांगून ठेवायचे की तो आपला नव्हे. अर्थखात्याच्या परिपत्रकापेक्षा हा सल्ला उपयोगाचा आहे.

प्रवासाचे उदाहरण तर शासकीय विचारपद्धतीचा नमुनाच म्हणावे लागेल. ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो. महाविद्यालयात पाऊल टाकताच तो विकत घ्यावा लागतो; सवलत आहे, पण मोफत नाही. म्हणजे मुलगी ज्या वयात लग्नाच्या बाजारात उभी केली जाते, नेमक्या त्याच वयात तिच्या शिक्षणाचा खर्च वाढतो. २०२४ साली राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि शुल्क माफ झाल्याने खोलीचे भाडे, खानावळ आणि बुडालेली मजुरी माफ होत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून धरली जाते. वयात आलेले मूल बरोबर नेले की कामाला दोन हात वाढतात. ते मूल वर्गात बसले तर घराला पडणारा हा खड्डा कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेला नसतो.

महाराष्ट्राला हे कधीच कळले नव्हते असे मात्र नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो याकडे बोट दाखविले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कारण शाळा काढली तरी गावाकडचा मुलगा राहणार कोठे, हा प्रश्न त्यांना पडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत. १९४७ साली तेथेच महाविद्यालय निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पाया होता. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली तीही याच गरजेतून. या वसतिगृहांत थोरला विद्यार्थी धाकट्याला वाट दाखवी. त्याचे वेगळे खाते काढावे लागत नसे.

आज ते खाते आहे, पण काम होत नाही. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, असा रकाना असतो. समिती येण्यापूर्वी पंधरा दिवस नोंदवह्या भरल्या जातात. आपला ‘मेंटॉर’ कोण, हे बहुतेक विद्यार्थ्यांना त्या सहीच्या दिवशी कळते. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. ज्या विभागात निम्म्या जागा रिकाम्या आहेत आणि उरलेले काम तासिका तत्त्वावरील तरुण या गावाहून त्या गावाला धावत करीत आहेत, तेथे कोणी कोणाचे मार्गदर्शन करावे? ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने मुलांना भविष्याचा मार्ग दाखवावा, ही अपेक्षाच क्रूर आहे.

थोरल्या विद्यार्थ्यांशी असलेला दुवाही तुटला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने पुन्हा तरतूद केली, पण त्या घेण्याची वेळ आली की तारखा पुढे ढकलल्या गेल्या. त्या निवडणुकांत पैसा होता, दांडगाईही होती. पण मतासाठी का होईना, तिसऱ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन नाव विचारीत असे.

आता पुष्कळदा विचारले जाते ते आडनाव. ‘कोणत्या कोट्यातून?’ हा वसतिगृहातील पहिल्या रात्रीचा प्रश्न असतो आणि तो सहज म्हणून विचारलेला नसतो. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभाव रोखण्यासाठी २०१२ साली नियमही केले. त्यांची अंमलबजावणी होत नाही म्हणून २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. वहीवाल्या मुलीचा सल्ला असा की, या प्रश्नाला उत्तर देण्यास कोणीही बांधील नाही. त्रास पुन्हा झाला तर तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहून ठेवायचे. आणि जेवण-झोप उडाली असेल तर गप्प न राहता कोणाला तरी, निदान तिला, सांगायचे.

अभ्यासाबाबत ती फारसे बोलत नाही. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. आधी मराठी पुस्तकातून विषय समजून घ्या आणि मग इंग्रजीची रोज दोनच पाने वाचा. एखादा विषय राहिला म्हणजे वर्ष गेले असे नव्हे, ए.टी.के.टी. त्यासाठीच आहे, पहिल्या पंधरा दिवसांत स्वतःविषयी कोणताही निकाल देऊ नका. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, त्याविषयी मात्र ती सावध करते. ज्याच्यापाशी परत येण्याची ऐपत आहे त्याला हे दार सोयीचे. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी ते शिक्षण सोडण्याचे सन्मान्य नाव ठरेल.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला निधी फारसा लागत नाही. मोर्चे आवश्यकच आहेत. शिक्षकांच्या जागा भरणे, वसतिगृहे वाढविणे, पासाची सवलत पदवीपर्यंत नेणे या मागण्या रस्त्यावरच रेटाव्या लागतील. पण मोर्चातून आलेल्या मुलाचा अर्ज परत आला आहे हे कोणी पाहायचे? तालुक्याच्या ठिकाणी शाखेच्या कचेरीत एक टेबल, एक संगणक आणि त्याच महाविद्यालयातील दोन-तीन थोरले विद्यार्थी एवढ्यावर हे काम उभे राहते. अट एकच. ही मदत उपकार म्हणून होता कामा नये आणि तिच्या बदल्यात सभेची हजेरी मागता कामा नये; तसे झाले की मुले टेबलाकडे फिरकत नाहीत. शिवाय हे टेबल प्रवेशाच्या महिन्यात मांडून भागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. वहीतील सर्वाधिक नावांपुढे फुली पडते ती त्या पंधरवड्यात. तेव्हा घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे लागते, मूल मागे राहिले तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय पाहावी लागते. गेल्या हंगामात या मुलीने नऊ घरे गाठली. चार मुले मागे राहिली. पाचजण गेले, त्यांतील दोघांच्या प्रश्नपत्रिका तिने त्यांच्या पिशवीत घालून दिल्या.