संगणकाचा कूलर आणि पालकांचा पैसा

टेबलावरचा संगणक घ्यावयाचें घरीं ठरलें कीं, वरच्या वर्गांतील मुलें हट्ट धरितात तो पुष्कळदां कूलरचा. हा कूलर म्हणजे खिडकींत बसविलेली वाळ्याची पेटी नव्हे. संगणकाचें गणित करणारा जो प्रोसेसर, त्याची उष्णता वाहून नेणारें तें साधन होय. रंगीत दिव्यांचा व पाण्याच्या नळ्यांचा कूलर दुकानाच्या कांचेमागें फार शोभतो. परंतु शाळकरी विद्यार्थ्यास त्याची मुळींच गरज नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर जितकी वीज खातो, जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकितो. यास्तव प्रथम तो आंकडा पाहावा. २०२२ सालीं निघालेल्या इंटेलच्या कोअर आय ५-१२४०० या प्रोसेसरचा आंकडा ६५ वॉट असून भर कामांत तो ११७ पर्यंत चढतो. त्याच कंपनीचा आय ९-१३९००के २५३ वॉटपर्यंत जातो. पहिल्याच्या सीलबंद खोक्यांत कंपनीचाच कूलर मिळतो, दुसऱ्याच्या मिळत नाहीं. निबंध लिहिणें, प्रोग्रॅमिंग शिकणें, व्याख्यानें पाहणें यांस पहिला प्रोसेसर व त्याच्या खोक्यांतील कूलर पुरून उरतो. मात्र खोक्यावांचून सुटा प्रोसेसर घेतल्यास कूलर मिळत नाहीं, हें पालकांनीं दुकानांतच विचारून घ्यावें.

आतां आपल्या उन्हाळ्याचा विचार. कूलर पाण्याचा असो वा हवेचा, तो प्रोसेसरला खोलीहून थंड करूं शकत नाहीं. खोलींत २२ अंश असतां जो प्रोसेसर ६८ अंशांवर राहतो, तोच मे महिन्यांत ४० अंशांच्या खोलींत सुमारें ८६ अंशांवर जाईल. १०० अंशांच्या सुमारास वरील प्रोसेसर आपण होऊन गति कमी करितो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यांत तासन् तास चित्रफितींचें संपादन करणाऱ्या मुलास उभा, तांब्याच्या नळ्यांचा कूलर द्यावा. त्या बंद नळ्यांत किंचित् पाणी असतें. प्रोसेसरपाशीं त्याची वाफ होते, वरच्या पत्र्यांपाशीं ती निवून पुन्हा पाणी होतें, आणि पंखा ती उष्णता हवेंत सोडतो. बिघडण्याजोगा भाग काय तो पंखा. तो बदलतां येतो. पाण्याच्या कूलरचा पंप बंद पडला, तर बहुधा सगळाच कूलर टाकावा लागतो.

उंचीकडे दुर्लक्ष नको. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा नामांकित कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. लहान कॅबिनेटचें झांकण त्यावर लागणार नाहीं. थोरल्या भावाचा जुना कूलरही बसेलच असें नाहीं. वरील इंटेल प्रोसेसरांच्या बोर्डावर कूलरच्या भोंकांतील अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधींच्या पिढीचें ७५ होतें. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणारा आधीं खर्च मोजतो. आपण मिलिमीटरही मोजावे.

बसवितांना तळाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी अवश्य काढावी (ती तशीच राहिली म्हणजे चांगला कूलरही व्यर्थ!) व उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढाच लावावा. वांचलेल्या पैशांत मेमरी ८ ची १६ जीबी करून घेतल्यास मुलास रोज उपयोग होईल. पुढें दर दोन-तीन महिन्यांनीं संगणक बंद करून, पंख्याचें पातें बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. आणि हें काम वडिलांनीं न करितां मुलानेंच करावें.